जयंतीचा मंडप आणि विजेचा हिशेब
(सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी अभ्यासलेख)



आपले बहुतेक मोठे कार्यक्रम उघड्यावर होतात. १४ एप्रिलची जयंती, वैशाख पौर्णिमा, वर्षावासाचा समारोप, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरचे अभिवादन, या सर्व प्रसंगी मैदानात किंवा रस्त्याच्या कडेला मंडप उभा राहतो. व्यासपीठ सजते, दिवे लागतात, वक्त्यांचा आवाज दूरवर पोचतो. हे सर्व विजेवर चालते. ती वीज कोठून येते, तिला किती खर्च येतो आणि तो खर्च नेमका कोण सोसतो, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत लेखात तो विचार आकडेमोडीसह करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. आमच्या वस्तीत जयंतीनिमित्त व्याख्यान होते. विषय होता शिक्षणाचे महत्त्व. काही कामासाठी मी मंडपाच्या मागे गेलो. तेथे डिझेलचा जनरेटर धडधडत होता आणि त्याच्यापासून चार हातांवर रिकाम्या कॅनवर एक तरुण बसला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. जनरेटरवर लक्ष ठेवण्याची रोजंदारी त्याने पत्करली होती. पाच दिवसांनी त्याची परीक्षा होती. मांडीवर पुस्तक उघडे होते, पण धूर त्याच्याच अंगावर येत असल्याने तो डोळे चोळत होता. पुढे शिक्षणावर भाषण आणि मागे विद्यार्थी धुरात, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. या लेखाचे मूळ त्यात आहे.

१. वीज हा आपला विषय आहे

वीज हा अभियंत्यांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याला इतिहासातच उत्तर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्या खात्याकडे होते. युद्धोत्तर काळात देशाची वीज कशी वाढवावी याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या धोरण समितीपुढे त्यांनी १९४३ साली भाषण केले. वीज स्वस्त व मुबलक झाल्याशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरण झाल्याशिवाय या देशातील माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणी करणाऱ्या चर्चाही याच काळात झाल्या.

म्हणजे ज्या महामानवाच्या जयंतीला आपण दिवे लावतो, त्यांनी विजेचा विचार शोभेची वस्तू म्हणून केला नव्हता. गरिबाची सुटका करणारे साधन म्हणून केला होता. तेव्हा त्यांच्या नावाने उभ्या राहणाऱ्या मंडपात वीज वाया जात असेल, किंवा तिच्यापायी गरिबाच्याच छातीत धूर जात असेल, तर त्याचा विचार करणे हे आपले काम ठरते.

२. जनरेटर चालतो कसा?

डिझेल जळते, इंजिन फिरते, इंजिनाला जोडलेले जनित्र फिरून वीज निर्माण होते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट एवढी उष्णता असते. योग्य भारावर चालणाऱ्या चांगल्या जनरेटरमधून त्यापैकी ३ ते साडेतीन युनिट वीज हाती येते. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि रेडिएटरमधून हवेत निघून जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने एवढी असते. ती टिकवण्यासाठी हे इंजिन बहुधा मिनिटाला १५०० फेरे घेत राहते. मंडपात पन्नास दिवे लागलेले असोत की पाच, फेऱ्यांची गती तीच राहते. म्हणून भार कमी झाला तरी डिझेल त्या प्रमाणात कमी होत नाही. रिकामी एस.टी.सुद्धा डिझेल पिते, तसाच हा प्रकार आहे. भार फारच कमी असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, काजळी वाढते आणि सायलेन्सरमध्ये काळा तेलकट थर साचतो. आपल्याला वाटते की थोड्या दिव्यांवर जनरेटर आरामात चालला आहे. प्रत्यक्षात त्याच वेळी तो घेतलेल्या डिझेलच्या मानाने सर्वांत जास्त घाण करीत असतो.

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पृथ्वीचे तापमान वाढवणारा तो हा वायू. पण जवळ बसणाऱ्याला खरा त्रास होतो तो काजळीच्या बारीक कणांचा आणि नायट्रोजनच्या वायूंचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस हेही त्याच गटात आहेत. जनरेटर प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी कधी ठेवत नाहीत. तो मागे, झोपडीच्या दारात किंवा स्वयंपाकाच्या तंबूजवळ ठेवतात. धूर कोणाच्या वाट्याला जातो हे त्यावरून समजावे.

३. दिवे बदलले, जनरेटर तोच राहिला

आता या लेखातील मुख्य मुद्दा.

पूर्वी मंडपात ५०० वॅटचे हॅलोजन आणि ६० वॅटचे बल्ब असत. आज बहुतेक ठिकाणी एलईडी आले आहेत. ५०० वॅटच्या हॅलोजनचे काम सुमारे १०० वॅटचा एलईडी करतो आणि ६० वॅटच्या बल्बचे काम ९ वॅटचा. ही चांगली सुधारणा झाली. पण डेकोरेटरकडून येणारा जनरेटर मात्र जुन्याच मापाचा राहिला. भार उतरला, यंत्र उतरले नाही.

एक नमुना मंडप घेऊन हिशेब मांडू.

जुना भार असा होता: २० हॅलोजन, प्रत्येकी ५०० वॅट, म्हणजे १०,००० वॅट. १०० बल्ब, प्रत्येकी ६० वॅट, म्हणजे ६,००० वॅट. १० पंखे, प्रत्येकी १०० वॅट, म्हणजे १,००० वॅट. ध्वनिव्यवस्था सरासरी १,००० वॅट. एकूण १८,००० वॅट, म्हणजे १८ किलोवॅट.

नवा भार असा: २० एलईडी, प्रत्येकी १०० वॅट, म्हणजे २,००० वॅट. १०० छोटे एलईडी, प्रत्येकी ९ वॅट, म्हणजे ९०० वॅट. पंखे १,००० वॅट. ध्वनिव्यवस्था १,००० वॅट. एकूण ४,९०० वॅट. आपण सोयीसाठी ५ किलोवॅट धरू.

येथे ध्वनिव्यवस्थेविषयी थोडे सांगावे लागेल. साऊंडवाला आपल्या यंत्रणेचे आकडे हजारोंत सांगतो. तो कमाल क्षमतेचा आकडा असतो. भाषणात वक्ता थांबतो, श्वास घेतो; संगीतातही जोर क्षणभर येतो आणि जातो. संगीतासाठी अ‍ॅम्प्लिफायरची सरासरी खप मोजताना कमाल क्षमतेचा आठवा हिस्सा धरण्याची तांत्रिक पद्धत आहे. नुसत्या भाषणाला त्याहूनही कमी लागते. म्हणून साऊंडवाल्याच्या कमाल आकड्यावरून जनरेटर ठरवला की तो नेहमी मोठाच येतो.

समजा, या ५ किलोवॅटच्या मंडपाला ६२.५ केव्हीएचा जनरेटर आला. केव्हीएला ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात, म्हणजे त्याची शक्ती ५० किलोवॅट. भार फक्त दहावा हिस्सा. तरीही तो तासाला सुमारे ३ लिटर डिझेल पितो. कार्यक्रम पाच दिवस, रोज सहा तास, म्हणजे ३० तास चालला तर वीज वापरली जाईल १५० युनिट. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये आणि तात्पुरत्या जोडणीच्या विजेचा खर्च युनिटला १५ रुपये धरू. आपल्या गावातील प्रत्यक्ष दर घालून हे गणित प्रत्येकाने पुन्हा करावे. तीन मार्गांची तुलना अशी होते:

मोठा जनरेटर, ६२.५ केव्हीए: डिझेल ९० लिटर, खर्च ८,१०० रुपये, कार्बन डायऑक्साइड २४३ किलो.

भाराला साजेसा छोटा जनरेटर, १० केव्हीए: तासाला सुमारे २ लिटर, म्हणजे डिझेल ६० लिटर, खर्च ५,४०० रुपये, कार्बन डायऑक्साइड १६२ किलो.

वीज कंपनीची तात्पुरती जोडणी: १५० युनिट, खर्च २,२५० रुपये, कार्बन डायऑक्साइड सुमारे १०५ किलो.

शेवटच्या आकड्याचा खुलासा करतो. आपल्या देशातील बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. त्यामुळे जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे तारेतून येणारी वीजही निर्मळ नाही. तरी मंडपामागच्या मोठ्या जनरेटरपेक्षा ती निम्म्याहून कमी मलिन आहे आणि देशात सौर व पवन वीज वाढेल तशी ती आणखी स्वच्छ होत जाईल. जनरेटर मात्र जुना होईल तसा अधिकच धूर सोडील.

वरील पहिल्या आणि तिसऱ्या मार्गांत ५,८५० रुपयांचा फरक आहे. त्यात जनरेटरचे भाडे धरलेले नाही. ही रक्कम वस्तीतील माणसांच्या वर्गणीची आहे. धुणीभांडी करणाऱ्या माउलीने दिलेले शंभर रुपये त्यात आहेत. ते सायलेन्सरमधून उडून जावेत की अभ्यासिकेच्या कपाटात पुस्तकरूपाने राहावेत, हे ठरवणे कार्यकारिणीच्या हाती आहे.

४. अधिकृत जोडणी आणि आकडा

जेथे विजेचे खांब जवळ आहेत तेथे पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तात्पुरती वीजजोडणी. त्यासाठी वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, जागेच्या परवानगीची प्रत जोडावी लागते, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मांडणीचा चाचणी अहवाल घ्यावा लागतो आणि अनामत रक्कम भरावी लागते. कार्यक्रम झाल्यावर बिल वजा करून उरलेली अनामत परत मिळते. हे काम आदल्या दिवशी होत नाही, म्हणून किमान पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा. भार किती हे अर्जात लिहावे लागते, त्यामुळे वरील हिशेब आपोआपच करावा लागतो, हा आणखी एक फायदा.

येथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. अनेक ठिकाणी अर्जाचा त्रास नको म्हणून तारेवर आकडा टाकला जातो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार ती वीजचोरी आहे आणि तिला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. जे आपल्याला दिलेले नाही ते घेऊ नये, हे पंचशीलातील दुसरे शील आहे. व्यासपीठावर पंचशील ग्रहण करावयाचे आणि ध्वनिक्षेपक मात्र आकड्यावर चालवायचा, हे आपल्याला शोभत नाही. आकड्याला फ्यूज नसतो, अर्थिंग नसते, गळती झाली तर वीज तोडणारे उपकरण नसते. मंडपाच्या लोखंडी खांबात प्रवाह उतरला तर पहिला हात लागतो तो लहान मुलाचा.

वीज गेली तर काय, अशी शंका येईल. त्यासाठी सगळा मंडप उजळून ठेवण्याची गरज नाही. व्यासपीठाचे दिवे, माइक आणि येण्याजाण्याच्या वाटेवरचे दिवे एवढे चालू राहिले म्हणजे पुरे. त्याला फार तर दीड किलोवॅट लागतील. दोन तासांसाठी ३ युनिट. घरगुती इन्व्हर्टरला लागते तशी १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १.८ युनिट धरते, पण प्रत्यक्षात तिच्यातून १ ते सव्वा युनिटच घ्यावी. म्हणजे अडीच केव्हीएचा इन्व्हर्टर आणि अशा तीन बॅटऱ्या एवढ्यावर हे काम भागते. ही सामग्री संस्थेने एकदा घेतली की वर्षभर विहारात आणि अभ्यासिकेत उपयोगी पडते. भाड्याच्या जनरेटरचे तसे नसते.

५. मिरवणूक

मिरवणूक चालती असते, तेथे तार पोचत नाही. म्हणून चित्ररथामागे जनरेटरची गाडी असते आणि तिच्या धुरात लेझीम खेळणारी मुले चालतात. येथे बॅटरीचा खरा उपयोग आहे.

एका चित्ररथाला दिव्यांसाठी ५०० वॅट आणि ध्वनिव्यवस्थेसाठी सरासरी ५०० वॅट लागले तर भार १ किलोवॅट होतो. सहा तासांना ६ युनिट. साध्या शिसे-आम्ल बॅटऱ्या वापरल्या तर पाच-सहा लागतील आणि त्यांचे वजन तीनशे किलोच्या घरात जाईल. लिथियम फॉस्फेट प्रकारची ४८ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची एकच बॅटरी ७.२ युनिट धरते आणि तिचे वजन साधारण ७० ते ७५ किलो असते. आदल्या रात्री विहाराच्या मीटरवर ती चार्ज करावी, सोबत योग्य इन्व्हर्टर जोडावा, झाले. ही बॅटरी महाग आहे हे खरे. एका मंडळाने एका दिवसासाठी ती विकत घेणे परवडणार नाही. पण तालुक्यातील आठ-दहा मंडळांनी मिळून घेतली, किंवा जनरेटर भाड्याने देणाऱ्यानेच ती ठेवली, तर वर्षभरातील लग्ने, सभा, व्याख्याने यांतून तिचा खर्च निघू शकतो.

मिरवणुकीविषयी बोलताना सुरक्षिततेचा मुद्दा टाळता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये विरार येथे जयंतीच्या मिरवणुकीत रथावरील लोखंडी भागाचा उच्च दाबाच्या वीजयंत्रणेशी संपर्क होऊन दोघांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, २७ एप्रिल २०२२ रोजी, तामिळनाडूतील तंजावरजवळ मंदिराचा रथ तारेला लागून ११ जण दगावले. वीज कोणत्याही मार्गाने आलेली असो, मिरवणुकीचा मार्ग आधी चालून पाहावा, सर्वांत खालची तार किती उंचीवर आहे याची नोंद करावी, रथ आणि ध्वजाची काठी यांची उंची त्याहून पुष्कळ कमी ठेवावी आणि शंका असेल तेथे वीज कंपनीला आधी लेखी कळवावे. उत्सवाच्या घरी अशी अंत्ययात्रा निघू नये.

६. सूर्यशक्ती मंडपावर की विहारावर?

स्वच्छ वीज म्हटले की मंडपाच्या छतावर सौर तक्ते बसवावेत असे विद्यार्थ्यांना वाटते. हिशेब करून पाहू. महाराष्ट्रात १ किलोवॅटचे तक्ते दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतात आणि त्यांना सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. आपल्या नमुना मंडपाला रोज ३० युनिट हवेत. त्यासाठी साडेसात किलोवॅटचे तक्ते, ७५० चौरस फूट जागा आणि दिवसाची वीज रात्रीसाठी साठवणारी मोठी बॅटरी, एवढा संसार पाच दिवसांसाठी मांडून पुन्हा मोडावा लागेल. ते शहाणपणाचे नाही.

त्याऐवजी विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या पक्क्या छपरावर ३ किलोवॅटचे तक्ते कायमचे बसवले तर ते रोज सुमारे १२ युनिट देतील. जयंतीच्या पाच दिवसांचे १५० युनिट ते तेरा दिवसांत भरून काढतील. नेट मीटर असेल तर जादा वीज जाळ्यात जाते आणि बिलातून वजा होते. उरलेले जवळजवळ सर्व वर्ष अभ्यासिकेचे दिवे, पंखे आणि संगणक त्यावर चालतील. पाच दिवसांच्या रोषणाईपेक्षा वर्षभर अभ्यासिकेत जळणारा दिवा अधिक मोलाचा आहे.

छोट्या दुकानांना मात्र मैदानावरच सौरशक्तीचा उपयोग होतो. दीक्षाभूमी किंवा शिवाजी पार्क येथे पुस्तकांचा स्टॉल लावणाऱ्याचे उदाहरण घ्या. ९ वॅटचे तीन दिवे आठ तास लावले तर पाव युनिटसुद्धा वीज लागत नाही. १०० वॅटचा एक तक्ता दिवसाला सुमारे ०.४ युनिट देतो. तक्ता, ४० अँपिअर-तासाची बॅटरी आणि डीसीवर चालणारे दिवे पुस्तकांच्या पेटीबरोबर येऊ शकतात. त्याला शेजारच्या जनरेटरची वायर भाड्याने घ्यावी लागणार नाही आणि आपल्या पुस्तकांवर काजळीही बसणार नाही.

७. इतरत्र काय झाले?

हा प्रयोग आपणच प्रथम करणार आहोत असे नाही. इंग्लंडमध्ये शेतांत तंबू ठोकून मोठे संगीत महोत्सव होतात. ग्लास्टनबरी हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तेथील सर्व जनरेटर २०२३ साली वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेल्या इंधनावर चालवण्यात आले आणि काही खाद्यपदार्थांच्या दुकानांना तात्पुरती पवनचक्की, सौर तक्ते व बॅटऱ्या यांतून वीज पुरवली गेली. ब्रिस्टल शहरात २५ ऑगस्ट २०२४ रोजी मॅसिव्ह अटॅक या वाद्यवृंदाचा हजारो श्रोत्यांचा उघड्यावरील कार्यक्रम बॅटऱ्यांवर पार पडला. नॉर्वेची राजधानी ओस्लो येथील ओया महोत्सव बहुतांशी शहराच्या वीजजाळ्यावर चालतो आणि त्या देशातील वीज मुख्यतः जलविद्युत आहे.

या देशांकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणेल. पण त्यांच्याकडून घेण्यासारखा धडा फुकटचा आहे. इंग्लंडमधील महोत्सवांत प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा जनरेटर गरजेपेक्षा बरेच मोठे आणले जातात असे वारंवार आढळले. म्हणजे आपल्या मंडपामागची चूक तीच त्यांच्याही मंडपामागे होती. त्यांनी आधी मोजले, मग बदलले.

वापरलेल्या तेलाचा विचार आपल्याकडेही सुरू आहे. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा न वापरता ते गोळा करून त्याचे बायोडिझेल बनवावे, यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये मोहीम सुरू केली. भोजनदानात उरलेले तळणाचे तेल गटारात न ओतता अधिकृत संकलकाला द्यावे. ते तसेच गाळून जनरेटरमध्ये ओतण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. त्याने इंजिन बिघडते.

८. काही आक्षेप

जयंती वर्षातून एकदाच येते, मग एवढा काटेकोरपणा कशाला, असा एक आक्षेप असतो. एका मंडळाची जयंती एकदाच येते हे खरे. पण गावोगावी हजारो मंडप एकाच आठवड्यात उभे राहतात, आणि गणेशोत्सव, नवरात्र, उरूस, जत्रा, लग्नसराई यांत तेच जनरेटर फिरतात. एका मंडळाने घालून दिलेली रीत दुसरे मंडळ उचलते. आपण चांगली रीत घालून द्यावी.

दुसरा आक्षेप मानाचा आहे. पलीकडच्या मंडळाने एवढे दिवे लावले आणि आपण कमी लावले तर समाज काय म्हणेल? या लेखात एकही दिवा कमी करा असे सांगितलेले नाही. उजेड तेवढाच ठेवून त्यामागची उधळपट्टी थांबवा, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जनरेटर भाड्याने देणारा बहुधा आपलाच बांधव असतो. कर्ज काढून त्याने यंत्र घेतलेले असते. त्याच्या पोटावर पाय आणावयाचा काय? मुळीच नाही. जेथे खांब नाहीत अशा माळावर जनरेटर लागणारच आहे. तेथे त्याने भाराला साजेसे छोटे यंत्र आणावे. शक्य असेल तर सोबत बॅटरी ठेवावी, म्हणजे दुपारी दोन-तीन तास जनरेटर योग्य भारावर चालवून बॅटरी भरता येईल आणि सायंकाळी प्रवचन चालू असताना तो बंद ठेवता येईल. शांतता मिळेल ती वेगळीच. अशा सेवेचे भाडे मंडळांनी आनंदाने द्यावे. धंदा त्याचाच राहो, धूर तेवढा जावो.

९. कार्यक्रम

विचार कृतीत आला पाहिजे. पुढील कामे विज्ञान शाखेचे आणि आय.टी.आय.चे विद्यार्थी सहज करू शकतील.

पहिले काम मोजणीचे. येत्या कार्यक्रमात वायरमनकडून टाँग टेस्टर घेऊन दर तासाला तिन्ही फेजचा प्रवाह मोजावा व वहीत लिहावा. २३० व्होल्टला अँपिअरने गुणले की त्या फेजचा अंदाजे भार वॅटमध्ये मिळतो. दुसरे काम, डिझेल किती गेले याची नोंद ठेवणे. तिसरे, उरलेले हॅलोजन व जुने बल्ब काढून एलईडी लावणे. चौथे, मोजलेल्या भारावरून अधिकृत जोडणीचा अर्ज देणे आणि जनरेटर लागलाच तर भाराच्या दीडपट ते दुपटीपेक्षा मोठा न घेणे. पाचवे, जनरेटर लोकवस्ती, भोजनकक्ष व मुलांपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून ठेवणे. सहावे, वाचलेल्या रकमेचा आकडा अहवालात छापून ती अभ्यासिकेच्या नावावर जमा करणे.

सहावे काम मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण त्यावरच पुढच्या वर्षी लोकांचा विश्वास बसेल. त्या रात्री जनरेटरजवळ बसलेल्या तरुणाला आपण दुसरी रोजंदारी देऊ शकतो. मोजणीची वही त्याच्याच हातात द्यावी. आणि परीक्षा जवळ असेल तर त्याला धुरातून उठवून अभ्यासिकेत बसवावे. त्याच्यासाठीच तर हा मंडप उभारलेला असतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भार निम्मा झाला तरी जनरेटरचे डिझेल निम्मे का होत नाही?

२. आपल्या वस्तीतील गेल्या जयंतीच्या मंडपातील सर्व उपकरणांची यादी करून एकूण भार काढा. त्याला किती केव्हीएचा जनरेटर पुरला असता?

३. ८ किलोवॅटचा मंडप चार दिवस रोज पाच तास चालला, तर किती युनिट वीज लागेल? विहाराच्या छपरावरील ३ किलोवॅटचे तक्ते ती किती दिवसांत देतील?

४. आकडा टाकून घेतलेली वीज कायद्याने, सुरक्षिततेच्या दृष्टीने आणि शीलाच्या दृष्टीने कशी अयोग्य आहे ते स्पष्ट करा.

५. आपल्या तालुक्यातील मंडळांनी सामाईक बॅटरी घेतली तर ती वर्षभर कोणकोणत्या कार्यक्रमांना वापरता येईल, याचे वेळापत्रक तयार करून पुढील मासिक सभेत मांडा.